विश्लेषण : कारखान्यातील सुरक्षेची ‘कार्यसंहिता’ मोडली तर गुन्हा होतो का?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील शाळगाव एमआयडीसीत २१ नोव्हेंबर २०२४ रोजी एका खत कारखान्यात वायुगळती झाली आणि तिघांचा जीव गेला. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० देशभर लागू झाली. तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग आहे. पण अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर विचारला जाणारा प्रश्न मात्र तोच राहतो : सुरक्षेचे नियम होते का, आणि असतील तर ते पाळणे सक्तीचे होते का? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. कारण कारखान्यातील सुरक्षेचा बराचसा तपशील कायद्याच्या पुस्तकात नसतोच. तो असतो ‘कोड ऑफ प्रॅक्टिस’मध्ये, म्हणजेच कार्यसंहितेत. या कार्यसंहिता काय असतात, त्या कधी बंधनकारक ठरतात आणि सातारा-सांगलीतील कामगारांसाठी त्यांचा अर्थ काय, याविषयी…

शाळगावात काय घडले होते?

विधानसभा निवडणुकीचे मतदान २० नोव्हेंबरला झाले. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास कारखान्यातील रिअ‍ॅक्टरमध्ये स्फोट झाला आणि रासायनिक वायू पसरला. आवारातील सुमारे डझनभर जणांना त्याची बाधा झाली. मृतांमध्ये दोन महिला कामगार आणि एक सुरक्षारक्षक होता. या दोघींपैकी एक सांगली जिल्ह्यातील, तर दुसरी सातारा जिल्ह्यातील होती. बाधितांना उपचारासाठी कराडला हलवावे लागले. हा वायू अमोनिया असावा, असा प्राथमिक अंदाज पोलिसांनी तेव्हा व्यक्त केला होता.

कृष्णाकाठच्या या पट्ट्यात जिल्ह्याची हद्द कामाच्या आड येत नाही. साताऱ्याचा कामगार सांगलीत कामाला जातो आणि सांगलीचा रुग्ण कराडच्या दवाखान्यात येतो. त्यामुळे सुरक्षेचा हा प्रश्न दोन्ही जिल्ह्यांचा आहे.

‘संहिता’ आणि ‘कार्यसंहिता’ यांत फरक काय?

इथे शब्दांचा घोळ होतो, तो आधी सोडवायला हवा. २०२० ची कामगार संहिता हा संसदेने केलेला कायदा आहे. तो मोडला तर दंड किंवा तुरुंगवास होतो. कार्यसंहिता मात्र कायदा नसते. एखादे काम सुरक्षितपणे कसे करायचे, याची तज्ज्ञांनी बसून लिहिलेली ती सविस्तर पद्धत असते. टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी काय तपासायचे, अमोनियाचा सिलिंडर कसा ठेवायचा, अर्थिंग कसे करायचे, परांची कशी बांधायची, हे सगळे तिच्यात येते. भारतात अशा बहुतेक कार्यसंहिता भारतीय मानक ब्युरो, म्हणजे बीआयएस, प्रसिद्ध करते. ‘आयएस’ या अक्षरांनी सुरू होणारे त्यांचे क्रमांक इंजिनीअर आणि ठेकेदारांच्या ओळखीचे असतात.

‘आचारसंहिता’ म्हटले की मराठी वाचकाला निवडणूक आठवते. ती तुलना इथे उपयोगी पडते. निवडणुकीची आदर्श आचारसंहितासुद्धा संसदेने केलेला कायदा नाही. तरीही ती मोडणाऱ्या उमेदवाराला नोटीस येते आणि तेच कृत्य दुसऱ्या एखाद्या कायद्यात बसत असेल तर गुन्हाही दाखल होतो. कार्यसंहितेचेही साधारण असेच आहे. तिला स्वतःचे दात नाहीत, पण कायदा तिचा हात धरतो तेव्हा ती चावते.

सगळे कायद्यातच का लिहीत नाहीत?

कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम ३२ घ्या. कामगाराला जिथे जिथे काम करावे लागते, तिथे पोहोचण्याचा मार्ग सुरक्षित असावा, असे हे कलम सांगते. म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र कलमात नाही. भिंतीला लावलेल्या शिडीचा पाया किती दूर असावा? आयएस ३६९६ ही परांची आणि शिड्यांची सुरक्षा संहिता त्याचे उत्तर देते : शिडीच्या लांबीच्या एक चतुर्थांश अंतरावर. शिडी चार मीटरची असेल, तर पाया भिंतीपासून एक मीटर.

हा तपशील कायद्यात घातला, तर तो बदलण्यासाठी दरवेळी विधिमंडळात किंवा संसदेत जावे लागेल. यंत्रे बदलतात, रसायने बदलतात, गॅस मोजणारी उपकरणे स्वस्त होतात. कायदा त्या वेगाने धावू शकत नाही. म्हणून ‘काय साध्य करायचे’ ते कायदा सांगतो आणि ‘कसे करायचे’ ते कार्यसंहिता सांगते, अशी ही वाटणी आहे.

अर्थात सगळीकडे असे नाही. जिथे धोका ठाम माहीत आहे, तिथे कायदाच आकडा देतो. १९४८ च्या कायद्यातील कलम ३६-अ नुसार टाकी, बॉयलर, खड्डा अशा बंदिस्त जागेत पुरेशी सुरक्षा साधने नसतील, तर २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा वापरता येत नाही. 

ही कल्पना आली कुठून?

ब्रिटनमध्ये १९७० पर्यंत कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचे कायदे आणि नियम वाढत वाढत गेले होते. प्रत्येक उद्योगाला वेगळा कायदा होता आणि तरीही माणसे मरत होती. त्यावर लॉर्ड रोबेन्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. नियमांचा ढीग कमी करा, मालकावर सर्वसाधारण जबाबदारी टाका आणि तपशील कार्यसंहितांवर सोपवा, असे समितीने सुचवले. त्यातून १९७४ चा ब्रिटिश कायदा आला.

त्या कायद्याच्या कलम १६ आणि १७ मध्ये या विषयाचा गाभा आहे. सरकारी यंत्रणेने मंजूर केलेली कार्यसंहिता पाळली नाही, एवढ्यावरून कुणी गुन्हेगार ठरत नाही. पण कायदा मोडल्याबद्दल खटला उभा राहिला आणि संहिता पाळलेली नाही असे सिद्ध झाले, तर बाजू उलटते. मग ‘संहिता पाळली नाही, तरी दुसऱ्या मार्गाने तेवढीच सुरक्षितता राखली होती,’ हे मालकाला सिद्ध करावे लागते. ते जमले नाही तर दोष त्याच्याकडे जातो. म्हणजे संहिता पाळणे ऐच्छिक, पण न पाळण्याचा धोका ज्याचा त्याने पत्करायचा.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनाही रसायने, बांधकाम, खाणी अशा कामांसाठी कार्यसंहिता काढते. त्या सदस्य देशांवर बंधनकारक नसतात. मात्र याच संघटनेने जून २०२२ मध्ये सुरक्षित आणि आरोग्यदायी कार्यस्थळाला कामगारांच्या मूलभूत हक्कांच्या यादीत जागा दिली.

भारतात कार्यसंहिता कधी बंधनकारक ठरते?

ब्रिटनच्या कलम १७ सारखे थेट कलम आपल्या कारखाने अधिनियमात नव्हते. आपल्याकडे कार्यसंहिता कायद्यात शिरते ती प्रामुख्याने चार दारांनी.

पहिले दार नियमांचे. सरकार एखाद्या संहितेला नियमाचा आधार देते, तेव्हा ती पाळावीच लागते. महाराष्ट्रात २०१४ च्या नियमांनी ठरावीक कारखान्यांना सुरक्षा लेखापरीक्षण, म्हणजे सेफ्टी ऑडिट, सक्तीचे केले. असे ऑडिट कसे करायचे, याची कार्यसंहिता आयएस १४४८९ ही आहे.

दुसरे दार आणीबाणीचे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये वायुगळती झाली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. त्यात आलेल्या कलम ४१-इ नुसार, धोकादायक प्रक्रियेसाठी पुरेशी मानके नसतील तर केंद्र सरकार तातडीने मानके ठरवायला सांगू शकत होते. ही मानके नियमांत समाविष्ट होईपर्यंत नियमांइतकीच बंधनकारक असत.

तिसरे दार कराराचे. महामार्ग, पूल, बोगदे यांच्या निविदांमध्ये ‘संबंधित आयएस कोडनुसार काम’ अशी अट असते. साताऱ्यात खंबाटकीच्या नव्या बोगद्यासारख्या कामांवर ठेकेदार कामगारांना घेतो, तेव्हा कागदावर ऐच्छिक असलेली संहिता करारामुळे त्याच्यावर बंधनकारक होऊन बसते. विमा पॉलिसी आणि परवान्यांच्या अटींमधूनही असेच घडते.

चौथे दार न्यायालयाचे, आणि कामगाराच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. १९८७ च्या दुरुस्तीने कलम ७-अ आणले. ‘वाजवी रीतीने शक्य असेल तितके’ कामगारांचे आरोग्य आणि सुरक्षा जपणे, हे त्याने कारखान्याच्या भोगवटादाराचे कर्तव्य ठरवले. याच दुरुस्तीतील कलम १०४-अ ने पुढचा टप्पा गाठला : एखादी गोष्ट करणे वाजवी रीतीने शक्य नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकली. नव्या संहितेतही याच धर्तीची तरतूद आहे. आता प्रश्न असा, की ‘वाजवी’ म्हणजे काय, हे न्यायालय ठरवणार कशावरून? देशातल्या तज्ज्ञांनी लिहिलेली संहिता समोर असेल, तर मोजपट्टी म्हणून तिच्याकडे बोट दाखवणे सोपे जाते. ‘हे आम्हाला माहीतच नव्हते’ हा बचाव तिथे लंगडा पडतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात याची चुणूक दाखवली आहे. कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. आंतरराष्ट्रीय मानकांच्या धर्तीवर सरकारांना नियम तपासायला लावले. कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपण्याचा आदेशही दिला.

सातारा-सांगलीत कोणत्या कामांना याचा संबंध येतो?

जवळपास प्रत्येक कामाला. काही ठळक उदाहरणे अशी :

• शीतगृहे आणि दूध प्रकल्प : सांगली-तासगाव भागात बेदाणा शीतगृहांत ठेवला जातो. शीतगृहे आणि दूध थंड करणाऱ्या प्रकल्पांत अमोनिया हा शीतकरणाचा नेहमीचा वायू आहे. त्यासाठी आयएस ४५४४ ही अमोनियाची सुरक्षा संहिता आहे. कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत हवेतील अमोनियाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने २५ पीपीएम आणि थोड्या वेळासाठी ३५ पीपीएम दिली आहे. म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग. इथे मर्यादेचा आकडा कायद्यात आहे, पण तो ओलांडला जाऊ नये म्हणून व्हॉल्व्ह, पाइप आणि मास्कची व्यवस्था कशी असावी, ते संहितेत आहे.

• क्लोरीन : पाणी शुद्धीकरण केंद्रांत क्लोरीनची टाकी किंवा सिलिंडर असतो. त्याची मर्यादा फक्त १ पीपीएम आहे. हाताळणीची संहिता आयएस ४२६३.

• फाउंड्री आणि यंत्रमाग : ओतकामातील वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो. कायद्यानुसार या आजाराची नोंद आणि सूचना देणे बंधनकारक आहे. यंत्रमागाच्या खडखडाटाचे तसेच. राज्याच्या कारखाना नियमांत आवाजाची मर्यादा आठ तासांसाठी ९० डेसिबल धरली आहे. मात्र विट्यासारख्या ठिकाणी अनेक माग घराला लागून असलेल्या शेडमध्ये चालतात. कामगारांची संख्या कमी असली की तिथे कारखाना कायदा पोहोचतच नाही.

• खोदकाम आणि बांधकाम : पाइपलाइन किंवा गटारासाठी चर खोदताना माती ढासळते. आयएस ३७६४ ही खोदकामाची संहिता सांगते, की दीड मीटरपेक्षा खोल चराच्या भिंतींना आधार द्यावा. गावातल्या जेसीबीच्या कामावर हा आधार क्वचितच दिसतो.

• वीज : अर्थिंगसाठी आयएस ३०४३, वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि हातातल्या अग्निशामकांसाठी आयएस २१९०.

टाकीत उतरणाऱ्या माणसासाठी कोणता नियम?

साखर कारखान्यांच्या टाक्या, सांडपाण्याचे खड्डे, सेप्टिक टँक, बायोगॅस डायजेस्टर या जागा दिसायला शांत असतात. आत मात्र प्राणवायू संपलेला असू शकतो किंवा हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. सांगलीकरांना हा धोका नवा नाही. हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवली जात असे. पेव उघडले की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी हवा खेळू द्यायची, कंदील आत सोडून पाहायचा, तो विझला तर थांबायचे, अशी जाणत्यांची रीत होती. कुणी लिहून ठेवलेली नसली, तरी ती कार्यसंहिताच होती.

रासायनिक टाकीवर मात्र कंदिलाची ती रीत वापरणे घातक आहे. आत ज्वालाग्राही वायू असेल तर ज्योतीनेच स्फोट होईल. शिवाय हायड्रोजन सल्फाइड ज्योत विझवण्याच्या कितीतरी आधी माणसाला मारतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा येणारा त्याचा वास प्रमाण वाढल्यावर येईनासा होतो. सुमारे १०० पीपीएमला नाकाची संवेदनाच बधिर होते. त्यामुळे ‘वास गेला म्हणजे गॅस गेला’ असे समजणे जीवावर बेतते.

कलम ३६ यासाठी आहे. वायू किंवा वाफ असण्याची शक्यता असलेल्या बंदिस्त जागेत माणूस उतरवायचा, तर दोनच वाटा कायद्याने ठेवल्या होत्या. एक, सक्षम व्यक्तीने स्वतः तपासून ती जागा सुरक्षित असल्याचे लेखी प्रमाणपत्र द्यायचे. दुसरी, आत जाणाऱ्याने श्वसन उपकरण लावायचे आणि पट्ट्याला बांधलेल्या दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्यायचे. कायद्याची ओळ इथे संपते आणि पुढचे काम कार्यसंहितेचे. प्राणवायू आधी मोजा. मोकळ्या हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर आत जाऊ नका. मग ज्वालाग्राही वायू, त्यानंतर विषारी वायू मोजा. टाकीत येणारे सगळे पाइप बंद करून त्यांना कुलूप लावा. परवानगीच्या कागदावर वेळ लिहा. ती वेळ संपली की पुन्हा मोजा.

यातील सर्वांत महत्त्वाचा नियम बाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी आहे : आतला पडला तरी तुम्ही आत उडी घ्यायची नाही. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेने १९८६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटले होते, की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. आपल्याकडे एकामागोमाग भाऊ, शेजारी, सहकारी टाकीत गेल्याच्या बातम्या येतात, त्यामागे हेच कारण असते. दोर आधीच बांधलेला असेल, तर ओढून काढता येते. तो नसेल, तर हळहळ करत उभे राहण्याशिवाय किंवा मरायला जाण्याशिवाय पर्याय उरत नाही.

नव्या संहितेने काय बदलले?

२०२० च्या संहितेने कारखाने, खाणी, गोदी, बांधकाम, कंत्राटी कामगार अशा विषयांवरचे १३ कायदे एकत्र आणले. कार्यसंहितांच्या दृष्टीने तिचे कलम १८ कळीचे आहे. कामाच्या ठिकाणची सुरक्षा मानके केंद्र सरकारने अधिसूचनेने जाहीर करायची आहेत. राज्याला त्यांत फेरबदल करायचा असेल, तर केंद्राची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे जे मानक अधिसूचनेत येईल, ते ‘सल्ला’ न राहता कायद्याचा भाग होईल. जे येणार नाही, ते पूर्वीसारखेच चौथ्या दाराशी थांबेल. मधल्या काळात जुने कायदे, नियम आणि मानके यांतील संबंधित तरतुदी चालू राहतील, असे केंद्राने स्पष्ट केले आहे.

दुसरा बदल संख्येचा आहे. १९४८ च्या मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेत १० कामगार असले की ‘कारखाना’ होत असे. नव्या व्याख्येत ही संख्या २० आहे. विजेशिवाय चालणाऱ्या जागेसाठी ती २० वरून ४० झाली. सुरक्षा अधिकारी नेमण्याची अट कारखान्यात १,००० कामगारांवरून ५०० वर आली. धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० वर. मोठ्या कारखान्यांसाठी हा बदल चांगला आहे. पण तालुक्याच्या एमआयडीसीतले रासायनिक युनिट ३०-४० माणसांवर चालते. तिथे सुरक्षा अधिकारी आधीही नव्हता आणि आताही नसेल. अशा ठिकाणी कार्यसंहितेचा कागद आणि तो वाचणारा सुपरवायझर, एवढाच काय तो आधार.

शिक्षा किती?

कर्तव्यात कसूर झाल्याने अपघात होऊन मृत्यू झाला, तर नव्या संहितेच्या कलम १०३ नुसार दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास, किमान ५ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गंभीर दुखापत झाली तर एक वर्षापर्यंत तुरुंगवास, २ ते ४ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. दंडाच्या रकमेतील किमान निम्मा वाटा पीडिताला किंवा त्याच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. जुन्या कायद्यात मृत्यूच्या प्रकरणात किमान दंड २५ हजार रुपये होता.

याशिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. या खटल्यातही निष्काळजीपणा मोजताना ‘या कामाची मान्य पद्धत काय होती?’ हा प्रश्न येतोच.

कामगार काय करू शकतो?

नव्या संहितेचे कलम १४ इथे उपयोगी पडते. त्यातील आणि इतर कलमांतील मुख्य मुद्दे असे :

• आपल्या कामातील धोक्यांची आणि सुरक्षेची माहिती मालकाकडे मागण्याचा हक्क प्रत्येक कर्मचाऱ्याला आहे.

• जीवाला किंवा आरोग्याला लगेच धोका आहे असे वाटले, तर थेट मालकाला किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत सांगता येते आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवता येते. मालकाला पटले तर त्याने लगेच उपाय करून निरीक्षकाला अहवाल द्यायचा असतो. पटले नाही, तर प्रश्न निरीक्षकाकडे जातो आणि त्याचा निर्णय अंतिम असतो.

• नियुक्तीपत्र देणे आता बंधनकारक आहे. अपघातानंतर ‘हा आमचा कामगारच नव्हता’ असे म्हणणे त्यामुळे अवघड होते. पत्र मागून घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

• कर्तव्ये कामगारालाही आहेत. दिलेली साधने वापरणे, असुरक्षित गोष्ट दिसली तर कळवणे यांत कसूर झाली, तर १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एक उणीव मात्र राहिली आहे. ‘धोका वाटतो, म्हणून मी काम थांबवतो’ असा हक्क या कलमात स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात अशा कामगाराला कारवाईपासून संरक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्याकडे रोजंदारीवरची महिला किंवा कंत्राटदाराने आणलेला परप्रांतीय तरुण टाकीच्या तोंडाशी ‘नाही’ म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याला काम मिळेल का, याची हमी कायदा देत नाही.

लहान उद्योजकाची अडचण काय?

अडचणी खऱ्या आहेत. संहिता बहुतेक इंग्रजीत आहेत आणि भाषा तांत्रिक आहे. त्या वाचून आपल्या कारखान्याला लागू पडणारी दोन पाने काढण्यासाठी माणूस लागतो. पूर्वी त्या विकत घ्याव्या लागत. आता बीआयएसच्या संकेतस्थळावर नोंदणी करून भारतीय मानके मोफत उतरवून घेता येतात. म्हणजे किमतीचा अडसर निघाला, भाषेचा राहिला.

गॅस डिटेक्टर, श्वसन उपकरण, दोर आणि तिपाई यांचा खर्च एकट्या लहान युनिटला जड वाटू शकतो. पण वसाहतीतील आठ-दहा युनिटांनी मिळून एक संच ठेवला, तर तो परवडण्यासारखा आहे. रासायनिक अपघातांसाठीच्या १९९६ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्कालीन गट असतो. वसाहतीतल्या कारखान्यांत कोणते रसायन किती आहे आणि वारा कुठे वाहतो, हे या गटाला आणि शेजारच्या गावाला आधी माहीत असेल, तरच रात्री फोन आल्यावर उपयोग.

मग पहिल्या प्रश्नाचे उत्तर काय?

कार्यसंहिता मोडली, एवढ्याच कारणाने गुन्हा होत नाही. ती नियमात, अधिसूचनेत किंवा करारात आली असेल, तर ती पाळणे बंधनकारक आहे. आलेली नसेल आणि अपघात झाला, तर मालकाने पुरेशी काळजी घेतली होती का, हे मोजण्याची पट्टी तीच असते. कलम १८ खाली कोणती मानके अधिसूचित होतात, त्यात २० पेक्षा कमी माणसांच्या धोकादायक युनिटांना किती जागा मिळते आणि ती मराठीत कामगारापर्यंत पोहोचतात का, या तीन गोष्टींवर पुढचे अवलंबून आहे. तोपर्यंत शिरवळपासून मिरजेपर्यंत कुठल्याही कारखान्यात टाकीचे झाकण उघडण्याआधी विचारायचा प्रश्न साधा आहे : आतली हवा कुणी मोजली, आणि त्याची सही कुठे आहे?